मानधन

मराठीत कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशाला किती शब्द आहेत बघा. शेतात मिळते ती मजुरी. सालगड्याला मिळतं ते साल. हमालाची हमाली, आडत्याची आडत, वकिलाची फी. तहसीलमध्ये आणि बँकेत मिळतो तो पगार. आणि काही माणसांना जे मिळतं त्याला आपण मानधन म्हणतो. गावातल्या आशाताई, अंगणवाडीच्या ताई आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक या शेवटच्या रांगेत उभे असतात.

मी नांदेडला एलएल.बी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. कायदा शिकायला लागल्यापासून शब्दांकडे जरा संशयाने बघायची सवय लागली आहे. पगार थकला की माणूस चारचौघांत सांगतो, 'तीन महिने झाले, पगार नाही.' मानधन थकलं की तोच माणूस चाचरतो. शब्दात मान आधी येतो आणि धन नंतर, त्यामुळे धनासाठी तोंड उघडलं तर आधी मिळालेला मान जाईल की काय असं वाटत राहतं.

या लेखातला प्रश्न साधा आहे. एखाद्या माणसाचं आपल्यावर कधीच न फिटणारं ऋण आहे असं आपण मनापासून मानतो. त्याच माणसाचं, अगदी रुपयांत मोजता येईल असं देणं कुणीतरी थकवलं आहे. त्याने ते मागावं का? आणि आपण, त्याच्या विद्यार्थ्यांनी, नेमकं कुठे उभं राहावं?

माझा दिवस सांगते, म्हणजे हा प्रश्न मला कुठे भेटला ते कळेल. सकाळी साडेसातला कॉलेज. अकरापासून जिल्हा न्यायालय, जिथे मी एका वकील मॅडमच्या हाताखाली शिकते. तिथे माझं काम म्हणजे बोर्ड बघणं, पुकारा व्हायच्या आत मॅडमना शोधून आणणं, झेरॉक्स, कोर्ट फी स्टॅम्प आणि डायरीत पुढची तारीख लिहिणं. संध्याकाळी अभ्यासिका. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, त्यामुळे आमच्या बॅचला प्रत्येक कलम दोनदा पाठ करावं लागतं. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८. पक्षकार अजूनही 'त्याने माझ्याशी चारसोबीसी केली' असंच सांगतात. करार कायदा मात्र तोच आहे, १८७२ सालचा. मला तो सगळ्यांत आवडतो. कोण कोणाला काय देणं लागतो, एवढ्या एका गोष्टीभोवती तो फिरतो.

कोर्टात बसून एक वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलं आहे: 'प्रश्न पैशाचा नाही हो.' बांधाच्या भांडणात, पोटगीत, उसनवारीत, सगळीकडे. आमच्या मॅडम म्हणतात, असं म्हणणाऱ्याला आधी आकडा विचारायचा. आकडा कळला की पैशापलीकडचं काय उरतं तेही कळतं.

लातूरला बी.ए. करताना आम्हाला राज्यशास्त्र शिकवायला एक सर होते. सेट झालेले, पीएच.डी. झालेले, आणि तासिका तत्त्वावर. ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जितके तास घ्याल तितक्याचे पैसे. सुट्टीचे पैसे नाहीत. दर वर्षी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक. शेजारच्या वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या कायम प्राध्यापकाच्या आणि यांच्या महिन्याच्या कमाईत जमीन-अस्मानाचं अंतर. आम्हा मुलांना यातलं काहीच दिसत नव्हतं. आम्हाला दोघेही 'सर'च होते.

सर वेळापत्रकातले तास घ्यायचेच, शिवाय रविवारी सकाळी संविधानाचा एक वर्ग घ्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं, हजेरी नव्हती, परीक्षेत त्याला गुणही नव्हते. आठ-दहा जण यायचो. एखादा अनुच्छेद वाचायचा आणि मग तो आपल्या गावात कुठे मोडतो ते प्रत्येकाने सांगायचं, एवढीच पद्धत. बी.ए. झाल्यावर माझ्या घरी लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा सर अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी आले. वडिलांशी दोन तास सोयाबीन, ऊस आणि पीकविम्यावर बोलले आणि निघताना म्हणाले, 'पोरीला सीईटी देऊ द्या. नाही जमलं तर मी परत येतो, मग तुम्ही म्हणाल तसं.' माझ्या अंगावर पुढे-मागे काळा कोट आला, तर त्याची पहिली शिलाई त्या दोन तासांत पडली.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली की सरांनी शिकवणं सोडलं आहे आणि ते मोंढ्यात एका आडत दुकानात हिशेबाला बसतात. दोन दिवसांत ग्रुपवर पैसे जमले. पाचशे, हजार, ज्याला जसं जमेल तसं. सरांना ते नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी गावी जाणार होते. नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत लालपरी लातूरला पोचते. अहमदपूरला उतरायच्या ऐवजी मी तशीच पुढे गेले.

दुकानाच्या ओट्यावर सोयाबीनचे ढीग होते. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने निम्मा माल डागी झालेला, शेतकरी ओलाव्याच्या आकड्यावरून घासाघीस करत होते. सर आत पट्ट्या लिहीत होते. 'बस की, दोन पट्ट्या राहिल्यात,' म्हणाले. मी पट्टी बघत बसले. वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. एकेका रुपयाचा रकाना. हमालाने किती पोती उचलली ते त्यात असतं. हमाल-माथाडींसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे. पोतं उचलण्याला कुणी श्रमदान म्हणत नाही, त्यामुळे त्याचा हिशेब मागायला कुणाला लाजही वाटत नाही.

चहा आला तेव्हा मी विषय काढला.

'कशाचे पैसे ग हे?'

'गुरुदक्षिणा समजा, सर.'

'मी पैसे घेऊन शिकवत होतो बेटा. दक्षिणा कशाची त्यात?'

'पण ते पैसे मिळाले का सगळे?'

सर हसले. मग हळूहळू बाहेर आलं. आमच्या शेवटच्या वर्षाचं, डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ या पाच महिन्यांचं मानधन मिळालेलंच नव्हतं. खाली विचारलं तर वरून आलं नाही, वर विचारलं तर खालून प्रस्ताव आला नाही. सरांनी दोन अर्ज दिले आणि सोडून दिलं. मी म्हणाले, नोटीस देऊ. त्यावर ते जे म्हणाले ते मी परतीच्या बसमध्ये मोबाइलवर लिहून ठेवलं: 'आधी भीती होती, पुढच्या मुलाखतीला नाव लक्षात ठेवतील म्हणून. आता ती भीती गेली, पण लाज आली. विद्यादान केलं म्हणायचं आणि त्याचं बिल लावायचं?'

आमचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आता कायद्याचं एक निष्ठुर सत्य. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो आणि ही तीन वर्षं वेतन देय झाल्यापासून मोजतात. म्हणजे डिसेंबर २०२२ च्या मानधनाची मुदत आधी संपणार, मग जानेवारीच्या, मग फेब्रुवारीच्या. सर लाजत बसले तर दर महिन्याला त्यांच्या पाच महिन्यांतला एकेक महिना मरणार होता. वर्गात हे शिकताना आम्हाला एक बारकावा सांगतात: मुदत संपली की दावा करण्याचा मार्ग बंद होतो, देणं मात्र नाहीसं होत नाही. इतकंच की कोर्ट ते वसूल करून देत नाही. मुदत संपलेल्या कर्जाचंही ऋणकोने लेखी वचन दिलं तर करार कायद्याचं कलम २५ ते वचन पाळायला लावतं. मेलेल्या देण्यातही कायदा थोडी धुगधुगी शिल्लक ठेवतो.

सरांच्या लाजेला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, पण त्यांचं म्हणणं मला पटलंही नव्हतं. मी करार कायद्याकडे वळले. कलम ७० म्हणतं की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, ते फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. या कलमाखाली दोन उदाहरणं आहेत. एकात व्यापारी चुकून कुणाच्या घरी माल ठेवून जातो आणि घरमालक तो आपलाच समजून वापरतो. त्याने पैसे द्यायचे. दुसऱ्यात एक माणूस दुसऱ्याची मालमत्ता आगीतून वाचवतो. त्याने ते फुकट करण्याच्या भावनेने केलं असं परिस्थितीवरून दिसलं, तर त्याला भरपाई मागता येत नाही.

दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या दोन उदाहरणांत मला सरांचे दोन वर्ग दिसले. सोमवार ते शनिवारचे तास वेळापत्रकातले, नेमणूकपत्रातले, तासाच्या दराने ठरलेले. ते फुकट घ्यायचा त्यांचा इरादा नव्हता. रविवारचा वर्ग आणि माझ्या वडिलांसोबतचे दोन तास आगीतून वाचवण्यातले. त्याची भरपाई मागता येत नाही, आणि सरांनी ती मागितलीही नसती. एकाच माणसाने, एकाच वर्षात दोन वेगळ्या गोष्टी दिल्या होत्या. 'विद्यादान' हा शब्द दोन्हींवर एकच चादर टाकतो.

इंग्लंडमध्ये १८४० साली ईस्टवूड विरुद्ध केन्यन नावाचा एक खटला झाला. ईस्टवूड हा एका अनाथ मुलीचा पालक. तिच्या शिक्षणावर आणि मालमत्तेच्या देखभालीवर त्याने कर्ज काढून खर्च केला. ती मोठी झाल्यावर तिने ते फेडायचं कबूल केलं, पुढे तिच्या नवऱ्यानेही कबूल केलं, आणि मग दिलं नाही. ईस्टवूड हरला. कोर्टाचं म्हणणं असं की आधीच करून झालेल्या उपकाराबद्दलचं नैतिक कर्तव्य म्हणजे करार नव्हे. आपला १८७२ चा कायदा इथे वेगळ्या वाटेने गेला. कलम २५ (२) नुसार, कुणी आपल्यासाठी स्वेच्छेने आधीच काही केलेलं असेल आणि नंतर आपण त्याची भरपाई द्यायचं वचन दिलं, तर ते वचन बंधनकारक आहे. तिथलं एक उदाहरण तर मला फार जवळचं वाटतं: एकजण दुसऱ्याचं तान्हं मूल सांभाळतो, नंतर बाप त्याचा खर्च द्यायचं वचन देतो, तो करार ठरतो.

यात कोण आधी बोलतो ते महत्त्वाचं आहे. उपकाराच्या बाबतीत करणाऱ्याने मागायचं नसतं, ज्याच्यावर झाला त्याने बोलायचं असतं. मजुरीत उलट. तिथे काम करणारा मागू शकतो आणि मागण्यात काही कमीपणा नाही. आपल्याकडे शिक्षकांच्या बाबतीत हे दोन्ही अडकून पडतं. आम्ही उपकाराबद्दल पाच सप्टेंबरला हार-फुलं देऊन बोलतो आणि मजुरीबद्दल गप्प बसतो. ते दोन्हींबद्दल गप्प बसतात. जे रुपयांत द्यायचं होतं तिथे आपण फुलं ठेवतो. आणि कधी कधी, आमच्या ग्रुपने केलं तसं, जे रुपयांत मावत नाही त्यापोटी पैसे घेऊन निघतो. त्या पैशांत प्रेम होतं यात शंका नाही, आणि सरांनाही ती नव्हती. पण पाच महिन्यांचं देणं आमच्या ग्रुपवर नव्हतंच. ते आम्ही भरलं असतं तर ज्याने थकवलं त्याची सोय झाली असती.

ही गफलत फक्त आपल्या मनात नाही, ती कायद्यातही दीर्घकाळ राहिली. गोव्यातल्या एका शाळेतून काढून टाकलेल्या शिक्षिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं: ए. सुंदरम्बल विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार, १९८८. औद्योगिक विवाद कायद्याखाली ती 'कामगार' आहे का, हा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, नाही. शिकवणं हे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम नाही, ते ध्येयकार्य, उदात्त व्रत आहे. शिक्षकांच्या संरक्षणासाठी वेगळी तरतूद व्हावी असंही न्यायालयाने सुचवलं, पण त्या बाईंपुरता अर्थ असा झाला की काम फार थोर आहे म्हणून कामगाराचं दार बंद. मग ग्रॅच्युइटी. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत. ते बसावेत म्हणून संसदेला २००९ मध्ये दुरुस्ती करावी लागली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली गेली. खासगी शाळांनी त्यालाही आव्हान दिलं. ते २०२२ मध्ये फेटाळलं गेलं. ग्रॅच्युइटी आणि कृतज्ञतेसाठीचा इंग्रजी शब्द ग्रॅटिट्यूड, दोघांचं लॅटिन मूळ एकच. ज्यांच्याबद्दल भाषणांत सगळ्यांत जास्त कृतज्ञता, त्यांना कायद्यातली कृतज्ञता मिळायला इतकी वर्षं लागली.

त्याच २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांना मिळणारं मानधन हे ग्रॅच्युइटी कायद्यापुरतं वेतनच आहे. नाव काहीही ठेवा, कामाच्या बदल्यात दिलं ते वेतन. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात, जिथे माणसं महिना ३०,००० रुपयांवर वर्षानुवर्षं शिकवत होती, न्यायालयाने किमान वेतनश्रेणी द्यायला सांगितलं. गुरूला ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणणारा श्लोक समारंभात म्हणून भागत नाही, त्यावर श्रद्धा असेल तर ती शिक्षकांना वागवण्यातून दिसली पाहिजे, असं त्या निकालात म्हटलं आहे. यातला कोणताही निकाल सरांच्या पाच महिन्यांबद्दल थेट नाही, हे मला कळतं. पण १९८८ पासून २०२५ पर्यंत शब्द कसा सरकला ते यात दिसतं.

नांदेडला राहणाऱ्याला दान म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही. इथे हुजूर साहिबचा लंगर आहे. होस्टेलच्या मेसला सुट्टी असली की आम्ही बऱ्याच जणी तिथे जातो. पंगतीत बसा, जेवा, तुमचं नाव-गाव कुणी विचारत नाही. त्याची परतफेड नसते. वाटलं तर भांडी घासा, पोळ्या लाटा, नाही तर निघा. पण लंगरमध्ये जेवण फुकट मिळतं म्हणून गव्हाचं पोतं विकणाऱ्याने पैसे मागू नयेत, असं कुणीही म्हणणार नाही. दान करायचं तर ते आपल्या खिशातून करायचं असतं. कॉलेजने फुकट तास घेतले आणि त्याला विद्यादान म्हटलं, तर दान नक्की कुणी केलं? सरांनी केलं असं म्हणावं तर त्यांना 'नको' म्हणायची सोयच नव्हती. नाही म्हणता येत नसेल तर त्या देण्याला दान म्हणता येत नाही.

आता दुसऱ्या देण्याकडे येते, जे फिटत नाही. इथे मला बाबासाहेब आंबेडकर आठवतात, कारण त्यांच्या आयुष्यात ही दोन्ही देणी अगदी वेगवेगळी दिसतात. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनी करारावर सही केली होती: शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. १९१७ मध्ये ते त्यासाठी बडोद्याला गेले. गावात राहायला जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते राहिले होते तिथून लोकांनी लाठ्या घेऊन त्यांना बाहेर काढलं आणि ते मुंबईला परतले. तो करार होता. त्याची वर्षं, अटी, रकमा मोजता येत होत्या, तो कुणी मोडला यावर वाद घालता येतो.

कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक जॉन ड्यूई यांच्याशी असा कसलाच करार नव्हता. १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि करू न दिलेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात बाबासाहेब ड्यूईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून करतात आणि आपण त्यांचे किती ऋणी आहोत ते सांगतात. समाजाने भूतकाळातलं काय सांभाळावं आणि काय टाकून द्यावं, हा ड्यूईंचा विचार त्यांनी जातीला लावला. जून १९५२ मध्ये ते मानद पदवी घ्यायला पुन्हा कोलंबियाला गेले. ड्यूईंना भेटायचं मनात होतं. १ जूनला ड्यूई वारले. बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचण्याआधीच. माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं की आपलं सगळं बौद्धिक आयुष्य आपण त्यांना देणं लागतो. ज्या माणसाने तोवर देशाचं संविधान लिहून पूर्ण केलं होतं, तो हे लिहितो. हिशेब मिटला असं त्याला वाटत नाही.

पण याच ड्यूईंबद्दलची एक गोष्ट मला सरांना सांगायची होती. बाबासाहेब कोलंबियात शिकत होते त्याच काळात, १९१५ साली, अमेरिकेत विद्यापीठातल्या प्राध्यापकांची संघटना स्थापन झाली: अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स. नेमणुका, बडतर्फी, मोकळेपणाने शिकवण्याचा हक्क हे तिचे विषय. तिचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूई. पुढे ते शिक्षकांच्या कामगार संघटनेचेही सभासद होते आणि आपण सभासद का आहोत हे त्यांनी जाहीर लिहिलं. संघटनेत बसून शिक्षकांच्या हक्काबद्दल बोलल्याने ते लहान झाले, असं त्यांच्या त्या विद्यार्थ्याला कधी वाटलं नाही.

हे सगळं मी सरांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग एक आक्षेप घेतला, जो मला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, 'एकदा हिशेब सुरू झाला की तो कुठे थांबतो? आज पाच महिने मागितले, तर उद्या मला स्वतःलाच वाटेल की रविवारचे तासही फुकट गेले. सगळंच व्यवहार होऊन जाईल.' ही भीती खोटी नाही. गुरू-शिष्याच्या नात्यात हिशेब घुसला की काय होतं ते एकलव्याच्या गोष्टीत दिसतं. द्रोणाने त्याला शिकवलंच नव्हतं, तरी त्याने दक्षिणा मागितली, आणि अंगठा मागितला. जे न मागता जपायचं त्याची किंमत लावली गेली.

पण द्रोणाने मागितलं ते न केलेल्या कामाचं. सर जे मागणार ते नोंदवहीत लिहिलेल्या, घेतलेल्या तासांचं. आणि माझं म्हणणं असं की पहिला हिशेब चोख झाला तरच दुसरी गोष्ट हिशेबाबाहेर राहते. पाच महिने बुडालेले असताना रविवारचा वर्ग आठवला की सरांच्या मनात कुठेतरी 'तेही फुकटच' असं येणारच. नोंदवहीतल्या तासांचे पैसे मिळाले तर रविवार पुन्हा रविवार होईल. त्यांनी आपल्या मर्जीने दिलेला.

विद्यार्थ्यांनी कुठे उभं राहावं, याचं उत्तर मला मॅडमकडून मिळालं. त्यांनी विचारलं, 'तास झाले याचा पुरावा काय? नोंदवही तर कॉलेजच्या ताब्यात.' मी म्हणाले, आमच्या वह्या आहेत. सरांना सवय होती, तास सुरू झाला की आधी तारीख लिहायला लावायचे. मी ग्रुपवर विचारलं. चौघींच्या आणि दोघांच्या वह्या अजून घरी होत्या, पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, एकीची तर लहान भावाने मागून चित्रं काढलेली. डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२३, तारीखवार, विषयवार. पैसे घ्यायला सर तयार नव्हते. साक्षीला मात्र त्यांची हरकत घेता येईना. हे तास झाले आणि आम्ही तिथे होतो, एवढं शपथेवर सांगणं हे आमचंच काम आहे, ते दुसरं कुणी करू शकत नाही. सरकारलाही प्रतिवादी करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिने आधी नोटीस लागते. मसुदा मी केला, मॅडमनी तपासला, तासांचा तक्ता सरांकडून हवा होता.

आठवड्याने सरांनी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आडतीच्या पट्टीसारखाच आखलेला, दिनांक, वर्ग, विषय, तास, दर, रक्कम. आम्ही तो आमच्या वह्यांशी ताडून पाहिला; दोन ठिकाणी आमच्या वह्यांत तास होता आणि त्यांच्या तक्त्यात नव्हता, ते त्यांना कळवलं. रविवारची एकही तारीख त्यांनी धरली नव्हती. पानाच्या खाली सही होती आणि सहीखाली एक ओळ: 'नोटीस पाठवायला हरकत नाही.'